उन्हाळ्याचे मीठ

१.
या धाग्यात आजवर आपण किल्ले पाहिले, ताम्रपट वाचले, नाण्यांवरची अक्षरे लावली. आजचा विषय त्या मानाने घरगुती आहे आणि त्याला वासही येतो: कोकण किनाऱ्यावरची उन्हाळी मासेमारी. मिठाचा इतिहास म्हटला की आपणा सर्वांना दांडी आठवते. पाठ्यपुस्तकात मिठाचा कर येतो तो गरिबाच्या भाकरीवरचा कर म्हणून, आणि ते खरेच आहे. परंतु समुद्रकाठी एक वर्ग असा होता, ज्याला मीठ चिमटीने लागत नसे, पाटीने लागत असे. माझे आजोळ त्या वर्गातले, मालवणच्या दक्षिणेस असलेल्या एका गाबितवाडीतले. त्यामुळे या लेखात वाचलेला इतिहास आणि घरात ऐकलेला इतिहास असे दोन्ही येतील. कोणता कोणता, ते मी जागोजाग सांगेन.

२.
मासेमारीचा इतिहास सांगणारे बहुधा जाळ्यापासून आरंभ करतात. मी पंचांगापासून करते. ज्येष्ठात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र शिडाच्या होडीला बंद होतो. तो उघडतो श्रावणी पौर्णिमेला, नारळ वाहिल्यावर. मधल्या दोन-अडीच महिन्यांत खाडीत पाग टाकून किंवा खडकावर कालवे फोडून जे मिळेल तेच ताजे. बाकी सारे आधी साठवलेले. रायगड-अलिबागकडे पावसापूर्वीच्या या तयारीच्या दिवसांना आगोट म्हणतात. आमच्याकडे सरळ ‘पावसाळ्याची बेगमी’. तांदूळ, लाकूडफाटा, कोकमे, चिंच आणि सुकी मासळी. चैत्र-वैशाखातल्या मासेमारीचा अर्धा हेतू त्या दिवसाचे जेवण असे आणि अर्धा आषाढातले.

३.
उन्हाळ्यातला समुद्र दिसायला सोपा असतो. पहाटे जमीन निवलेली असते, तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; शाळेच्या भूगोलात आपण ज्याला मतलई वारा म्हणतो तो हाच. त्याच्या पाठबळावर होड्या बाहेर पडत. दुपारपर्यंत जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. त्यावर शीड भरून होड्या परत येत. ऊन जितके कडक, तितका दुपारचा वारा जोरकस. इंजिन येण्यापूर्वी एका दिवसाच्या मासेमारीची लांबी या दोन वाऱ्यांनी ठरवलेली होती. घड्याळ नसलेला माणूसही बाराच्या सुमारास कुठे असायला हवे हे चुकत नसे.

सोपेपणा इथे संपतो. बांगड्याचा भर हंगाम पावसाळ्यानंतरचा आणि थंडीचा. उन्हाळ्यात मासळी विरळ आणि मिश्र येते: थोडे बांगडे, पेडवे, एखादी मोरी, शिंगाळे, जवळा. शिवाय उष्म्यामुळे ती फार लवकर नासते. म्हणजे ज्या महिन्यांत साठवण करणे अत्यावश्यक, नेमक्या त्याच महिन्यांत मासा कमी मिळतो आणि कमी टिकतो. ही कोंडी फोडण्याचे साधन जाळे नव्हते. ते मीठ होते.

४.
‘सुकी मासळी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि त्यांची मुळे भूगोलात आहेत.

उत्तर कोकणात भरती-ओहोटी मोठी. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतले अंतर चार-पाच मीटरपर्यंत जाते. पाणी नदीसारखे वाहते, म्हणून तिथे डोल हे जाळे रुजले: समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेली शंकूच्या आकाराची प्रचंड पिशवी. वाहते पाणीच मासे तिच्यात आणून भरते. कोळ्याचा दिनक्रम म्हणून तिथीवर चालतो. उधाणाला काम, भांगाला उसंत. या जाळ्याचा मुख्य मासा बोंबील. अंगात पाणीच पाणी, चरबी नाममात्र. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगले की ऊन आणि वारा त्याला वाळवून टाकतात. मीठ लागत नाही.

दक्षिण कोकणात मालवणकडे हेच अंतर दोन मीटरच्या आसपास उतरते. तेवढ्या प्रवाहावर डोल भरत नाही. म्हणून तिथे रापण: होडीने समुद्रात अर्धवर्तुळ टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. रापणीचे मासे म्हणजे बांगडा आणि तारली, जाड अंगाचे आणि तेलकट. नुसत्या उन्हात टाकले तर वरून कडक होतात, आतून कुजतात आणि तेल खवट होते. त्यांना आधी मिठात मुरवावेच लागते. एकाच किनाऱ्यावरच्या दोन टोकांना मिठाची गरज किती वेगळी होती, हे लक्षात ठेवा. पुढे कराचा विषय येईल तेव्हा ते कामी येईल.

५.
आता ऐकलेला इतिहास. माझी आजी खारवण कसे घाली, ते मी मे महिन्याच्या सुट्टीत अनेकदा पाहिले. बांगड्याचे कल्ले आणि आतडी काढायची, पोटाकडून चिरून उघडायचा, समुद्राच्याच पाण्यात धुवायचा. मग मोठ्या मडक्यात तळाला मिठाचा थर, वर माशांचा, पुन्हा मिठाचा. शेवटी वर फळी आणि फळीवर दगड. दोन-तीन दिवसांत माशाच्या अंगातले पाणी सुटून मडक्यात खारे पाणी साचे आणि मासे त्यात बुडून जात. मग ते बाहेर काढून, त्याच पाण्यात खळबळून, वाळूवर अंथरलेल्या झापांवर टाकायचे. दिवसातून दोनदा उलटायचे, संध्याकाळी उचलायचे, कावळ्यांना हाकलायचे. हे शेवटचे काम आम्हा मुलांचे.

प्रमाण ती मापाने सांगत नसे, पण माझ्या अंदाजाने तीन पाट्या माशांना एक पाटी मीठ पडत असे. मत्स्यशास्त्राची पुस्तके कोरड्या खारवणासाठी साधारण तेच प्रमाण देतात. मी एकदा कमी मीठ घेतले तर काय होईल असे विचारले. ती म्हणाली, “मिठाक हात आखडलंस, तर माशाक किडो पडतलो. मगे पावसात काय खातलंस, मडक्या?” या वाक्याचा आर्थिक अर्थ मला फार पुढे, मीठखात्याचे जुने दर वाचताना कळला.

६.
मीठ आणि सुकी मासळी ही एकाच उन्हाची दोन पिके आहेत. मिठागरांतही हंगाम तोच: थंडी सरल्यापासून पहिल्या वळवापर्यंत. भरतीचे पाणी बांध घातलेल्या खाजणात घ्यायचे, तिथे ते आटून दाट होऊ द्यायचे, मग उथळ वाफ्यांत सोडायचे. वैशाखाच्या उन्हात वाफ्यावर स्फटिकांची साय धरते. ती लाकडी फावड्याने ओढून ढीग करायचे आणि पावसाआधी ते शाकारायचे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस, गोव्याच्या सीमेजवळ शिरोडे येथे अशी मिठागरे होती. गोव्यात तर मीठ हा मोठा व्यवसायच होता. म्हणजे ज्या आठवड्यात मासळीला मीठ हवे, त्याच आठवड्यात काही कोसांवर ते ढिगाने तयार होत असे. निसर्गाने जुळवलेला हा हिशेब राज्यसंस्थेने बिघडवला.

७.
आकडे पाहू. १८८२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावरील कर मणाला २ रुपये असा एकसारखा करण्यात आला. १८८८ साली तो अडीच रुपये झाला आणि १९०३ पर्यंत तसाच राहिला. हा मण बंगाली, म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. माझ्या आजीचे प्रमाण धरले तर एक मण मिठात तीन मण ताजी मासळी खारवली जाते; वाळून तिचे वजन पुष्कळच घटते. तेवढ्या मालावर नुसता कर अडीच रुपये, मिठाची किंमत आणि वाहतूक वेगळी. आणि हे सारे मासळी विकली जाण्यापूर्वी मोजायचे.

शेतकऱ्याच्या घरी वर्षभरात माणशी काही शेर मीठ लागे. खारवण घालणाऱ्या घरी तेवढे मीठ एका सकाळी संपे. कराचा दर दोघांना सारखाच होता, भार मात्र सारखा नव्हता. उत्तरेचा बोंबील या करातून जवळजवळ सुटला, दक्षिणेचा बांगडा त्यात सापडला. हे अनुमान माझे आहे. पण वर पाहिलेल्या भूगोलावरून ते सरळ निघते.

८.
यात गोव्याचा धागा मिसळतो. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. त्यातला मुरगाव बंदर आणि रेल्वेचा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच तहाने गोव्यातील मिठाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले, कारण करमुक्त गोवेकरी मीठ सीमा ओलांडून आले तर ब्रिटिश मुलखातला कर बुडणार होता. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळत. ही व्यवस्था १८८० पासून १८९२ पर्यंत टिकली. गोव्यात मीठ ब्रिटिश मुलखाइतके महाग झाले आणि मिठागरे चालवणाऱ्यांची, मासळी खारवणाऱ्यांची परवड झाली. दोन साम्राज्यांनी लिस्बनमध्ये कागदावर सही केली आणि तिचा परिणाम तेरेखोलच्या दोन्ही काठांवरच्या मडक्यांत उतरला. सीमा म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

९.
सरकारला हे कळत नव्हते असे नाही. फ्रान्सिस डे हे नाव मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ या १८७५ ते १८७८ या काळात निघालेल्या ग्रंथाचा कर्ता. मद्रास सैन्यातला हा शल्यवैद्य पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला. १८७३ साली छापलेल्या त्याच्या अहवालात मिठाच्या कराने मासळी खारवण्याचा धंदा कसा खुंटतो, हे त्याने मांडले. महाग मीठ परवडत नाही म्हणून लोक खारट मातीने मासे खारवतात किंवा अर्धवट खारवून विकतात आणि असा माल खाणाऱ्याच्या जिवावर येतो, ही त्या काळातली ओळखीची तक्रार होती.

यातून निघालेला उपाय मोठा वैशिष्ट्यपूर्ण आहे. कर रद्द झाला नाही. सरकारने किनाऱ्यावर कुंपण घातलेली खारवण-आवारे उघडली. मासेमाराने मासळी आवारात आणायची, आतच करमुक्त किंवा अगदी कमी दराचे मीठ घ्यायचे, आतच खारवायचे आणि तयार माल घेऊन बाहेर पडायचे. मीठ मात्र कुंपणाबाहेर जाता कामा नये. मद्रास इलाख्यात, विशेषतः मलबार आणि दक्षिण कानडा किनाऱ्यावर, अशी आवारे पुष्कळ होती. मुंबई इलाख्यात ती रत्नागिरी आणि कानडा जिल्ह्यांत होती. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बव्हंशी रत्नागिरी जिल्ह्यात आणि सावंतवाडी संस्थानात विभागलेला होता.

१०.
या आवारांचे मूल्यमापन करताना घाई नको. स्वस्त मिठामुळे खारवलेल्या मासळीचा व्यापार वाढला, हे खरे. ज्याची होडी आवाराजवळच्या बंदरात लागे, त्याचे भलेच झाले. पण जरा किनाऱ्यावर उभे राहून विचार करा. रापण कधी भरेल हे सकाळी कोणालाच ठाऊक नसते. मासे दुपारी लागले आणि आवार चार कोसांवर असले, तर वैशाखाच्या उन्हात डोक्यावरच्या पाटीतले बांगडे पोहोचेपर्यंत काय अवस्था होईल? कारकुनाची वेळ, तराजूची रांग, नोंदवहीतली सही या साऱ्याला मासा थांबत नाही. शिवाय घरापुरती दोन मडकी घालणाऱ्या बाईचा या व्यवस्थेत विचारच नव्हता. आवार व्यापारी मालासाठी होते. आषाढातल्या घरच्या जेवणाचे मीठ पूर्ण कर भरूनच घ्यायचे.

मीठखात्याच्या कागदांत किती मण मीठ दिले आणि किती मण मासळी बाहेर गेली, याचे आकडे सापडतात. ज्यांच्या हातांनी ती चिरली, भरली, उलटली, त्या बायकांचा हिशेब सापडत नाही. खारवण हे किनाऱ्यावर प्राधान्याने बायकांचे काम होते आणि आजही आहे. पुरुषाचे काम होडी वाळूला लागली की संपे. तिथून पुढचे सारे त्यांचे. इतिहासाची साधने ज्या टोकाला अबोल होतात, त्या टोकाला कोण उभे होते हे विचारण्याची सवय या निमित्ताने आपण लावून घेऊ.

११.
पुन्हा एक ऐकीव गोष्ट. आजी तिच्या आईबद्दल सांगे. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत साचलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटून पांढरी खपली धरते. ती खरवडून आणणे हा कायद्याने गुन्हा होता. पणजी कालवे काढायला जाई आणि परत येताना टोपलीत खाली ती खपली, वर कालवे. कोणी विचारले तर कालवे दाखवायचे. ही कथा कितपत तंतोतंत आहे, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही. घरात सांगितलेल्या गोष्टी सांगणाऱ्याबरोबर बदलत जातात. पण समुद्राने खडकावर ठेवलेले मीठ टोपलीत लपवावे लागत होते, एवढा गाभा त्या काळच्या कायद्याशी जुळतो.

म्हणूनच १९३० चा सत्याग्रह किनाऱ्यावर निराळ्या अर्थाने पोहोचला असावा. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले. मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या विविध भागांतून स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. महिना पुन्हा पाहा: मे. मिठागरात ढीग लागलेले आणि वाड्यांत खारवणाची घाई. देशासाठी ती प्रतीकात्मक मूठ होती. आमच्यासारख्या घरांसाठी ती पावसाळ्याची बेगमी होती. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ जिथे तयार होते त्या भागातील लोकांना घरगुती वापरासाठी ते गोळा करण्याची सवलत मिळाली. त्या कलमाकडे शहरी इतिहासकार किरकोळ तडजोड म्हणून पाहतात. मला त्यात पणजीची टोपली दिसते. करच रद्द झाला तो १९४७ साली.

१२.
मीठ स्वस्त झाले आणि थोड्याच काळात त्याचे राज्यही संपत आले. स्वातंत्र्यानंतर इंजिनाच्या होड्या आल्या, नायलॉनची जाळी आली, बर्फाचे कारखाने आले. वाऱ्यांनी आखलेली दिवसाची मर्यादा सुटली. ताजा मासा बर्फात घालून दूरच्या बाजारात पाठवता येऊ लागला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर सारा किनाराच लोहमार्गाने जोडला गेला. खारवण्याला आता बर्फातून उरलेला मासा येऊ लागला. पूर्वी जे घराचे मुख्य धन होते, ते उरल्यासुरल्याचे काम झाले, आणि त्याबरोबर ते करणाऱ्या बायकांचा शब्दही घरात हलका झाला. ताज्या मासळीचा लिलाव बंदरावर होतो आणि पैसे तिथेच हाती येतात. मडक्यातल्या माशाला मात्र महिनाभर वाट पाहावी लागते.

दुसरीकडे समुद्र बंद ठेवण्याची जुनी रीत कायद्यात शिरली. वाऱ्याने घातलेली बंदी इंजिनाला लागू पडत नव्हती, म्हणून ती कागदावर आणावी लागली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. अनेक माशांच्या विणीचा हा काळ, हे त्यामागचे शास्त्र. नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. काही वाड्यांत आजही कायद्याने समुद्र उघडला तरी नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. कायदा आणि पंचांग यांच्यामधले ते काही दिवस मला फार बोलके वाटतात.

१३.
आता वर्तमान, कारण इतिहासाची एक किंमत आजही कोणीतरी मोजत आहे. आजोळी आता खारवण घालते ती मामी. वाळवणाची जागा म्हणजे घर आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा पट्टा, सुरूंच्या सावलीपलीकडचा. गेल्या काही वर्षांत वाडीत पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. त्यात वाईट काही नाही. माझ्या मामेभावाच्या घराचे कर्ज त्यावरच फिटले. पण खोल्यांत उतरणाऱ्यांना सुक्या मासळीचा वास सोसत नाही, आणि त्यांची उन्हाळी सुट्टी आणि मासळीचे वाळवण नेमके एकाच महिन्यात पडतात. मे महिना पुन्हा एकदा वादाचा झाला आहे. घरात ठराव पुढे आला: वाळवण थांबवावे, पट्ट्यावर खुर्च्या मांडाव्यात, पावसाळ्यासाठी सुकी मासळी बाजारातून विकत घ्यावी. हिशेबाने पाहिले तर ठराव चुकीचा नाही.

शिवाय उन्हाळ्याचा शेवटही पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग अलिबागजवळ आदळले होते. तौक्तेच्या वेळी मामीचे दोन आठवड्यांचे वाळवण एका रात्रीत वाळूसकट गेले. ज्या पंधरवड्यावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबल्या, तोच आता धोक्याचा.

मी मामीची बाजू घेऊ पाहत होते. वारसा, परंपरा वगैरे शब्द माझ्या तोंडी आले होते. तिने मला थांबवले. “वारसो तुझ्या पुस्तकात ऱ्हवांदे गो. जागा माझी, घाम माझो, भूकय माझी. माका सांग, आषाढात बाजार बंद पडलो तर घरात काय आसा?” पुरात पूल पाण्याखाली गेला होता त्या वर्षी चार दिवस वाडीत बाहेरून काही आले नव्हते, ते दिवस तिच्या डोक्यात होते. तेव्हा घरात पेज होती आणि चुलीत भाजलेला खारा बांगडा होता.

घरचा निर्णय शेवटी असा झाला: पट्ट्याचा समुद्राकडचा अर्धा भाग वाळवणाला, अर्धा खुर्च्यांना, आणि खोल्या घेणाऱ्यांना आधीच सांगायचे की मे महिन्यात इथे मासे वाळतात. गेल्या उन्हाळ्यात काहींनी खोली रद्द केली. काहींनी जाताना खारे बांगडे मागून नेले. हा समतोल किती वर्षे टिकेल, ते खुर्च्यांच्या भाड्यावर आणि मामीच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

१४.
एवढे लिहिल्यावर मला जे म्हणायचे आहे ते थोडे आहे. उन्हाळी मासेमारीचा इतिहास होड्या आणि जाळी यांच्यापाशी थांबवला तर तो अर्धा राहतो. पकडलेला मासा पावसाळ्यापर्यंत कोण पोहोचवणार, कशाने पोहोचवणार, आणि त्या साधनावर कोणाचा ताबा असणार, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. १८८८ साली तो ताबा मिठावरच्या कराने घेतला होता. आज मीठ मुबलक आहे आणि प्रश्न वाळूच्या पट्ट्याचा आहे. ऊन तेवढे दोन्ही वेळा फुकट होते. त्याखाली मासे अंथरायला मुभा कोणाला, एवढाच वाद.

वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांची आजोळे किनाऱ्यावर असतील: सातपाटी, वेसावे, मुरूड, हर्णे, देवगड, वेंगुर्ले, गोव्यातली बार्देस-साष्टी. घरातल्या वयस्क बायकांना विचारा: पावसाआधी कोणता मासा, किती मिठात, कुठल्या भांड्यात घालत असत, मीठ कोठून येई आणि त्याचे पैसे कधी चुकते होत, खारवण-आवार किंवा मीठखात्याचा शिपाई यांच्याविषयी घरात काही सांगितले जाते का. जुन्या पेटीत मिठाच्या खरेदीची एखादी पावती सापडली तर फेकू नका. उत्तरे खाली लिहा, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत. प्रमाण मराठी करू नका. पुढचा भाग त्या उत्तरांवर लिहायचा माझा विचार आहे, आणि या महिन्याचे ऊन अजून शिल्लक आहे.